कधी चालते, कधी बंद पडते : जुन्या स्किड स्टीअर लोडरमधील वीजदोष कसा शोधावा?

जुने यंत्र विकत घेताना इंजिन खराब निघेल याची जेवढी भीती वाटते, तेवढी वायरिंगची वाटत नाही. इंजिनाचा आवाज ऐकता येतो, धूर पाहता येतो, तेल बोटावर घेऊन तपासता येते. वायर मात्र आत दडलेली असते. पुढे तेच यंत्र भर कामात बंद पडते, मिस्त्रीला बोलावले की त्याच्यासमोर पहिल्या किल्लीला सुरू होते आणि तो गेल्यावर तासाभरात पुन्हा बंद पडते. मग अंदाजाने बॅटरी बदलली जाते, नंतर सेल्फ, नंतर अल्टरनेटर. बिले वाढत जातात आणि दोष जागेवरच राहतो.

भंगार, बांधकाम साहित्य, वीटभट्टी, कोंबडीखत, राडारोडा उचलण्याचे ठेके अशा धंद्यांतील अनेकांकडे आज हे लहान लोडर आले आहेत. बाजारात त्याला सरसकट ‘बॉबकॅट’ म्हणतात. वास्तविक ते एका कंपनीचे नाव आहे. यंत्राचा प्रकार स्किड स्टीअर लोडर. हे यंत्र मोठ्या कारखान्यात नव्हे, तर एका लोहारी-वेल्डिंगच्या दुकानात जन्मले. अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात रॉथसे या गावी सिरिल आणि लुई या केलर बंधूंनी १९५७ साली टर्की पक्ष्यांच्या खुराड्यातील घाण काढण्यासाठी तीन चाकांचा छोटा लोडर बनवून दिला. १९५८ मध्ये नॉर्थ डाकोटातील मेलरो कंपनीने तो बनवायला घेतला, १९६० मध्ये चार चाकांचे मॉडेल आले आणि १९६२ पासून ‘बॉबकॅट’ हे नाव चालू झाले. म्हणजे मुळात हे कारागिराचे यंत्र आहे, आणि त्याचा दोषही समजून-उमजून काम करणारा कारागीरच शोधू शकतो.

दोष या यंत्रातच जास्त का?

या लोडरची चाके वळत नाहीत. एका बाजूची दोन्ही चाके जोरात आणि दुसऱ्या बाजूची हळू किंवा उलट फिरवून ते जागच्या जागी घसरत वळते. चाकांना स्प्रिंग नसते, त्यामुळे प्रत्येक खड्ड्याचा हादरा थेट चौकटीला आणि चौकटीतून वायरिंगला बसतो. इंजिन मागे, चालक मध्ये, बकेट पुढे. वायरींचा जुडगा इंजिनापासून सीटखालून पुढपर्यंत लोखंडाच्या कडांना घासत जातो. बऱ्याच मॉडेलांत दुरुस्तीसाठी केबिन उचलावी लागते. तेव्हा तोच जुडगा दर वेळी एकाच जागी वाकतो. त्यात धूळ, चिखल, सांडलेले हायड्रॉलिक तेल आणि वरून पाण्याचा फवारा. वीस-पंचवीस वर्षांनी वायरीचे रबर कडक होते, आतली तांब्याची तार हिरवी पडते आणि एकेक धागा तुटू लागतो.

कायमचा तुटलेला संपर्क शोधणे सोपे असते. अधूनमधून तुटणारा संपर्क कठीण, कारण तपासायच्या वेळी तो जोडलेला असतो. मागावर ताण्याचा एखादा धागा अर्धवट झिजलेला असला तर माग चालूच राहतो, ताण पडेल तेव्हाच तो तुटतो. वायरचेही तसेच आहे. सबब तपासताना तो ताण, तो हादरा, ती उष्णता मुद्दाम निर्माण करावी लागते. या लेखातील बहुतेक युक्त्यांचे मूळ एवढेच आहे.

आधी वही, मग पाना

ऑपरेटरच्या हाती एक वही द्यावी. यंत्र बंद पडले की त्याने पाच गोष्टी लिहाव्यात : यंत्र थंड होते की गरम, सपाट जागेवर होते की खड्ड्यात, बकेट वर होती की खाली, आदल्या दिवशी धुतले होते काय, आणि बंद पडताना डॅशवरचे दिवे विझले की चालू राहिले.

शेवटचा प्रश्न सर्वांत मोलाचा आहे. दिवेही विझले, तर दोष मुख्य वाटेवर आहे, म्हणजे बॅटरीचे टर्मिनल, अर्थ, मुख्य फ्यूज किंवा किल्लीचा स्विच. दिवे चालू राहून फक्त इंजिन बंद पडले, तर डिझेल सोडणाऱ्या सोलेनॉईडकडे किंवा त्याच्या रिलेकडे पाहावे. इंजिन चालू राहून बकेट किंवा चाके अडली, तर सीट आणि सेफ्टी बारच्या स्विचची वाट तपासावी. गरम झाल्यावरच बंद पडत असेल तर रिले, सोलेनॉईडची कॉइल किंवा सैल जोड; धुतल्यानंतर त्रास होत असेल तर पाणी शिरलेला कनेक्टर. आठवड्याभराच्या नोंदींतून निम्मे काम होते.

साधने थोडीच लागतात

काही शे रुपयांचा डिजिटल मल्टिमीटर, इंडिकेटरचा २१ वॉटचा बल्ब दोन वायरींना जोडून केलेला टेस्ट-दिवा, वायर-ब्रश आणि त्या मॉडेलचा वायरिंगचा नकाशा एवढे पुरे. नकाशा नसेल तर तो मिळवण्यात एक दिवस गेला तरी हरकत नाही, पुढचे चार दिवस वाचतात. ज्या यंत्रात कॉम्प्युटर-कंट्रोलर आहे, त्याच्या बारीक सिग्नल वायरींना बल्ब लावू नये. तेथे फक्त मीटर वापरावा.

तपासणीपूर्वी बकेट जमिनीला टेकवावी आणि चाकांना ओट लावावी. हात वर ठेवूनच काम करावे लागणार असेल तर कंपनीचा लोखंडी आधार लावल्याशिवाय खाली डोके घालू नये. केबिन उचलायची असेल तर तिचा लॉक बसल्याची खात्री करावी.

पहिला मुक्काम : बॅटरी

यंत्र काही तास उभे राहिल्यावर १२ व्होल्टची भरलेली बॅटरी सुमारे १२.६ व्होल्ट दाखवते. १२.४ म्हणजे पाऊणएक भरलेली, १२.२ म्हणजे अर्धी, आणि १२ च्या आसपास म्हणजे जवळजवळ रिकामी. सेल्फ मारताना व्होल्ट ९.६ च्या खाली घसरू नयेत. इंजिन चालू असताना बॅटरीवर साधारण १३.८ ते १४.५ मिळावेत. कमी मिळाले तर आधी पट्ट्याचा ताण पाहावा, अल्टरनेटरला लगेच दोष देऊ नये. १५ च्या वर जात असतील तर रेग्युलेटर बिघडला असे समजावे.

टर्मिनल वरून चकचकीत दिसले तरी काढून आतून घासावेत. आधी निगेटिव्ह काढावा आणि बसवताना निगेटिव्ह शेवटी बसवावा, म्हणजे पाना चौकटीला लागून ठिणगी उडणार नाही.

दुसरा मुक्काम : अर्थ

जुन्या लोडरमध्ये अनेक विचित्र दोषांचे मूळ अर्थमध्ये सापडते. वीज बॅटरीतून निघते तशी तिला परतही यावे लागते, आणि परतीची वाट म्हणजे चौकट व अर्थची केबल. तिच्या बोल्टखाली गंज किंवा रंग आला की वाट अरुंद होते. एक दिवा लावला की दुसरा मंद होणे, किल्ली फिरवली की मीटरचे काटे नाचणे ही त्याची लक्षणे.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. पुष्कळ मिस्त्री मीटर ओहमवर ठेवून केबल तपासतात आणि ‘शून्य येतो, केबल ठीक आहे’ असे सांगतात. ही तपासणी फसवी आहे. जाड केबलचे बहुतेक धागे तुटून दोन-चारच शिल्लक असले तरी साधा मीटर शून्याजवळच दाखवणार. आता हिशोब पाहा : सेल्फ २०० अँपिअर खेचतो असे धरले आणि जोडात केवळ ०.०१ ओहमचा अडथळा असला, तर तेथेच २ व्होल्ट खर्च होतात. १०.५ व्होल्टच्या जागी सेल्फला ८.५ मिळतात आणि तो नुसता ‘टक’ करून थांबतो. ०.०१ ओहम आपल्या मीटरला दिसत नाही, पण २ व्होल्ट स्पष्ट दिसतात.

म्हणून केबल भाराखाली तपासावी. इंजिन सुरू होऊ नये याकरिता डिझेल सोलेनॉईडची वायर काढून ठेवावी. मीटर व्होल्टवर ठेवून एक टोक बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर, केबलच्या लगवर नव्हे, आणि दुसरे इंजिनाच्या घासून साफ केलेल्या लोखंडावर धरावे. ऑपरेटरने सीटवर बसून, बार खाली घेऊन चार-पाच सेकंद सेल्फ मारावा. ०.२ व्होल्टपर्यंत आले तर ठीक. अर्धा व्होल्ट आला तर केबल किंवा तिचे जोड खराब. याच रीतीने बॅटरीचा पॉझिटिव्ह खांब ते सेल्फचा मोठा बोल्ट या वाटेवर ०.५ व्होल्टपेक्षा जास्त पडता कामा नये. ही एक तपासणी शिकलेला कारागीर विनाकारण सेल्फ बदलणार नाही.

तिसरा मुक्काम : फ्यूज, रिले, किल्ली

फ्यूज जळालेला नाही एवढे पाहून थांबू नये. तो काढून त्याचे पाय आणि ज्या खाचेत तो बसतो ती पाहावी. काळपट, वितळलेली किंवा सैल खाच म्हणजे अधूनमधून तुटणारा संपर्क. वारंवार फ्यूज जातो म्हणून मोठ्या अँपिअरचा किंवा तार गुंडाळून फ्यूज घालणे म्हणजे आगीला आमंत्रण आहे. तेल मुरलेल्या यंत्रात ही आग विझवायला वेळ मिळत नाही.

रिलेची परीक्षा सोपी आहे. त्याच जातीचा, त्याच क्रमांकाचा दुसरा रिले पेटीत असतो. दोघांची अदलाबदल करावी. दोष रिलेबरोबर दुसऱ्या जागी गेला तर गुन्हेगार सापडला. किल्लीचा स्विच हादऱ्याने आतून झिजतो. चालू इंजिनात किल्ली हलकेच डावी-उजवीकडे हलवली आणि दिवे लुकलुकले, तर स्विच बदलावा.

डिझेलचा सोलेनॉईड

बऱ्याच जुन्या डिझेल इंजिनांत किल्ली लावली की एक सोलेनॉईड डिझेलची वाट उघडतो आणि वीज गेली की बंद करतो. त्यापैकी अनेकांत दोन कॉइल असतात. एक ओढणारी, जी क्षणभरच पण मोठा प्रवाह घेते. दुसरी धरून ठेवणारी, जी अगदी थोडक्या प्रवाहावर काम करते. वाट जराशी कमजोर असली तर प्लंजर पूर्ण आत जात नाही. ओढणारी कॉइल चालूच राहते, गरम होते आणि जळते. नवा सोलेनॉईड घातला तर तोही महिनाभरात जातो, आणि ‘पार्ट नकली निघाला’ असे म्हणून दुकानदाराशी वाद होतो. खरे कारण असते वाकलेला दांडा, अडकलेला प्लंजर किंवा वायरमध्ये पडणारे व्होल्ट. किल्ली सोडताच इंजिन बंद होत असेल तर धरून ठेवणारी कॉइल किंवा तिची वायर तपासावी. हादऱ्याला इंजिन एकदम थांबत असेल तर या सोलेनॉईडचा कनेक्टर आधी पाहावा.

सीट आणि सेफ्टी बार : येथे तडजोड नको

चालक सीटवर बसलेला आहे आणि बार खाली आहे, हे दोन स्विच सांगतात, तेव्हाच हात उचलतात आणि चाके फिरतात. सीटखाली माती साचते, स्प्रिंग बसतो, बारजवळचा सेन्सर सरकतो, आणि चांगल्या यंत्राचे हायड्रॉलिक अधूनमधून अडते. काम थांबू नये म्हणून साइटवरचा कोणीतरी दोन वायरी एकत्र पिळून टेप लावतो. यंत्र चालू लागते, मालक खूश होतो.

त्या दोन वायरींनी माणसाचा जीव धोक्यात घातलेला असतो. या यंत्रात चालक बकेटच्या मागे, दोन उचलणाऱ्या हातांच्या मध्ये बसतो आणि पुढूनच उतरतो. उतरताना गुडघा किंवा कोपर लिव्हरला लागले आणि स्विच बाद केलेले असले, तर वर असलेली बकेट त्याच्यावर येते. अमेरिकेतील नियॉश या सरकारी कामगार-सुरक्षा संस्थेने १९९८ मध्ये स्किड स्टीअर लोडरबाबत खास इशारापत्र काढले होते. बकेट आणि चौकट किंवा हात आणि चौकट यांच्यामध्ये चिरडून चालक दगावतात, म्हणून ही सुरक्षा-यंत्रणा कधीही बाद करू नये, असे त्यात बजावले आहे. आपल्याकडे तर ऑपरेटर बहुधा गरीब घरचा तरुण असतो, आणि त्याला ती वायर कोणी पिळली हे ठाऊकही नसते.

तपासणीसाठीही हे स्विच जोडून टाकायची गरज नाही. कनेक्टरवर मीटर लावून दुसऱ्या माणसाने सीटवर बसावे, उठावे, बार खाली-वर करावा. आकडा दर वेळी बदलला तर स्विच ठीक. अडखळला तर आधी माती साफ करून सेन्सरचे अंतर नीट करावे, तरीही न सुधारल्यास स्विच बदलावा.

हलवा, तापवा, भिजवा

वरील सर्व ठीक निघाले आणि दोष तरीही येत असेल, तर जुडगा तपासावा. संशयित वाटेच्या शेवटी टेस्ट-दिवा लावावा आणि जुडगा एका टोकापासून वीतभर-वीतभर हाताने हलवत जावे. ज्या जागी दिवा लुकलुकेल तेथे खूण करावी. केबिनच्या बिजागरीजवळ, सीटखाली, लोखंडी भोकातून वायर जाते तेथे आणि क्लॅम्पच्या कडेला विशेष लक्ष द्यावे. उंदीर वायर कुरतडतात, तेही ध्यानात ठेवावे. गरम झाल्यावर येणारा दोष असेल तर केस वाळवण्याच्या यंत्राने एकेक रिले, एकेक कनेक्टर तापवावा. पाण्याचा असेल तर स्प्रेच्या बाटलीने एकेक कनेक्टर भिजवून पाहावा. एका वेळी एकच गोष्ट करावी, नाहीतर कशाने काय झाले ते कळत नाही.

वाट लांब असेल तर मधोमध मोजावे. तेथपर्यंत पूर्ण व्होल्ट आले तर दोष पुढच्या अर्ध्यात, नाही तर मागच्या अर्ध्यात. पुन्हा त्याचा मध्य. सोळा जोडांची वाट चार मोजण्यांत संपते.

दुरुस्ती टिकावी अशी

दोन वायरी पिळून काळी टेप गुंडाळणे म्हणजे पुढच्या दोषाचे बी पेरणे होय. खराब भाग कापून, तेवढ्याच जाडीची वायर घेऊन, योग्य मापाच्या दाबपट्टीने जोड दाबावा आणि त्यावर आतून चिकट असलेली, उष्णतेने आकसणारी नळी चढवावी. कनेक्टर साफ करून पाणीरोधक विद्युत ग्रीसचा पातळ थर द्यावा. जुडगा क्लॅम्पने बांधावा, पण वळणावर थोडी ढील ठेवावी. यंत्रावर वेल्डिंग करताना बॅटरीच्या केबल काढाव्यात, कंट्रोलर असेल तर त्याचेही कनेक्टर काढावेत आणि वेल्डिंगचा अर्थ जोडाच्या अगदी जवळ लावावा. धुताना फवारा कनेक्टरवर रोखू नये.

व्यापाऱ्याने हिशोब कसा करावा?

समजा यंत्राचे भाडे ताशी ८०० रुपये आहे आणि ते दिवसाला ६ तास चालते. महिन्यात तीन दिवस ते दोषापायी उभे राहिले तर १४,४०० रुपये गेले. ऑपरेटरचा पगार आणि ग्राहकाचा तुटलेला भरवसा वेगळाच. यापुढे चांगल्या इलेक्ट्रिशियनची एक-दोन दिवसांची मजुरी काहीच नाही.

परंतु आपल्या बाजारात एक चुकीची रीत आहे. मिस्त्रीने दिवसभर शोधून एक सैल बोल्ट आवळला, तर मालक म्हणतो, ‘बोल्टाचे एवढे पैसे?’ तोच मिस्त्री अर्ध्या तासात नवा अल्टरनेटर घालून गेला, तर दसपट रक्कम मुकाट्याने दिली जाते. मग कारागीर शोध कशाला घेईल? तो पार्टच बदलणार. शोधण्याच्या वेळेची मजुरी आधी ठरवावी, ती पूर्ण द्यावी, आणि बदल्यात कोठे किती व्होल्ट आले ते लिहून मागावे. कारागीर बांधवांनीही असा कागद देण्याची सवय लावली तर त्यांची पत वाढेल.

जुने यंत्र घेणाऱ्याने विक्रेत्याला सांगून ठेवावे की इंजिन थंड ठेवा, मी येऊन सुरू करीन. सीट उचलून खाली पिळलेल्या वायरी आहेत का ते पाहावे. इंजिन चालू असताना, बकेट जमिनीवर टेकलेली ठेवून, बार वर केला की हात आणि चाके अडली पाहिजेत. फ्यूज-पेटी उघडावी. तासभर काम करवून, गरम इंजिन बंद करून पुन्हा सुरू करावे. आणि जो विकतो आहे त्याने, यंत्र अधूनमधून बंद पडते हे ठाऊक असेल तर, ते तोंडाने सांगावे आणि किंमत त्याप्रमाणे धरावी. ऐब सांगून विकलेल्या मालाचा व्यवहार तेथेच पुरा होतो. लपवून विकलेले यंत्र तक्रारीच्या रूपाने परत येते. सेफ्टी बारची वायर पिळलेली असेल तर विकण्यापूर्वी ती पूर्ववत करून द्यावी, मग यंत्र भंगाराच्या भावाने जात असले तरीही.